पश्चिमेकडली मिशी

माहं नाव तुळशीराम, पण गावात त्या नावानं कोणी हाक मारली तर मी वळूनही पाहत नाही. मले वाटते दुसरं कोणी असन. गाव मले सातपुडा म्हणते. अंगानं मी पाह्यला तर चिपाड. डोंगराशी माहं एकच जमते, दोघायचाही माथा बोडका. त्यातही डोंगर उन्हाळ्यापुरता बोडका होते, मी बारोमास. अन् वरून मी गावचा न्हावी! ज्याच्या सोताच्या डोक्यावर केस नाही त्याच्या हाती गावानं आपलं डोकं देलं, हे गावाचं मोठेपण, माहं नाही.

हे सातपुडा नाव मले तायडे गुरुजीपायी पडलं. म्हणजे गुरुजीनं नाही पाडलं, पाडलं माह्याच पोरानं, भरल्या सभेत. ते पुढं येईनच. आधी गुरुजी.

आमचं गाव सोनाळा अन् जळगाव जामोदच्या मधात, डोंगराच्या पायाशी. घरामागं उभं राह्यलं का सातपुडा असा दिसते जसा शेजारी भिंतीवरून डोकावून राह्यला. गुरुजी आले तवा महाराष्ट्र नवा नवा झाला होता. शाळेतला नकाशा मात्र जुनाच, त्यात आमी अजून मध्यप्रदेशात. मी आधी मध्यप्रदेशात होतो, मंग मुंबई राज्यात गेलो, मंग महाराष्ट्रात आलो, अन् एवढा प्रवास करून माही हजामतीची धोकटी निंबाखालून हातभर हलली नाही. मी शाळेत गेलो नाही असं मात्र समजू नोका. दर महिन्याले जात होतो. पोट्ट्यायचे केस कापायले.

गुरुजी मेहकरकडचे. उंच, वाळके, पांढरी टोपी, अन् नाकाखाली झोकदार मिशी. चालतानी मान अशी वर, जसं वाऱ्याले विचारून राह्यले का बाबा तू कोणीकडून आला. त्यायच्या तोंडात डावं-उजवं नव्हतंच. "वच्छी, तुह्या उत्तरेकडल्या कानात मळ हाय." "शालिक, दक्षिणेकडं सरक." पंगतीत बसले तर वाढणाऱ्याले म्हणत, "ठेचा पूर्वेले वाढा, भात मधात." वाढणारा आधी आभाळाकडं पाहे, मंग ताटाकडं.

पहिल्यांदा माह्यापुढं बसले तवा म्हणे, "नाना, पश्चिमेकडली मिशी जराशी जास्त हाय."

आता माह्या बापानं मले वस्तरा देला होता, पश्चिम नव्हती देली. पण अडाणी माणसाले सगळ्यात जास्त लाज कायची, तर अडाणी दिसायची. मी सूर्याकडं पाह्यलं, मान डोलवली, अन् घेतली.

गुरुजी म्हणे, "ही पूर्वेची घेतली तुम्ही."

"असू द्या," म्हणलं, "आता पश्चिमेची घेतो, बरोबर करतो." तवर गुरुजी आरशात पाहायले पाटावरच पाठमोरे फिरले. मी आपला पश्चिम धरून बसलेला, काही केल्या सोडाची नाही. फिरल्यावर पश्चिमेकडं कोणती मिशी आली? पहिलीच! तिचीच पुन्हा घेतली. मंग बरोबर करता करता, बरोबर करता करता, ओठ साफ झाला.

गुरुजी तसेच शाळेत गेले. पोट्टे उभेच राह्यले नाही. कोणी पाहुणा आला म्हणून बसल्या बसल्या पाहत राह्यले. मी मागून गेलो, शिव्या खायले. गुरुजी ओठावरून बोट फिरवत म्हणे, "नाना, तुमची चूक नाही. तुम्ही दिशा बरोबर धरली होती. हललो मी." अन् पोट्ट्यायकडं वळून, "लक्षात ठेवा रे. दिशा हलत नाही, माणूस हलते."

माणसाची मिशी काढून शाबासकी घेणारा न्हावी जिल्ह्यात मी एकलाच असन.

जुन्या नकाशाचं गुरुजीनं काय केलं, तर घडी करून कपाटात ठेवला, अन् शाळेच्या आवारात मातीचा महाराष्ट्र घातला. खळं करतात तसं शेणामातीनं चोपून, दिशा अगदी बरोबर धरून. सातपुड्याच्या अंगाले सातपुडा. सह्याद्रीले ढेकळं. नद्यायले नाल्या, पावसाचं पाणी टाकलं का गोदावरी नाशकापासून निघून घसरत जाये. समुद्राच्या जागी शाळेचं घंगाळं. कोकणात पाऊस लय म्हणून तिथं मेथी पेरली. पोट्टे दुपारची भाकर त्या नकाशावरच खात. एक नागपुरात, एक सोलापुरात, "बे, कोयनेत खरकटं नोको सांडू."

हे मले काही माहीत नव्हतं. मी आपली शेळी घेऊन केस कापायले गेलो, शेळी सोडली, अन् एका पोट्ट्याचा मानेचा मळ पाहत होतो. तेवढ्यात वच्छी ओरडली, "नाना, तुमची शेळी कोकण खाऊन राह्यली!"

म्हणलं, "खाऊ दे, गरीब जनावर हाय." मले काय माहीत कोकण म्हणजे काय भाजी असते ते!

रत्नागिरी गेली तवा मले उमजलं. पोट्टे रडकुंडीले आले. गुरुजीनं शेळीले हाकललं नाही, मलेही नाही. म्हणे, "बसा सगळे. हिरवळ गेली. आता पाऊस पडला तर माती कुठी जाईन?" अन् त्या दिवशीचा धडा माह्या शेळीवर झाला. शेळी माह्यापेक्षा जास्त शिकली. ती उभं राहून ऐकत तरी होती, मी लाजेनं पळून गेलो होतो.

पण गुरुजीच्या मनाले एक गोष्ट लागून होती. शाळेत पृथ्वीचा गोल नव्हता. महाराष्ट्र मातीचा करता येते, पण पृथ्वी गोल हाय हे पोट्ट्यायले कसं पटवाव? गुरुजी दर हप्त्याले कोणाच्या तरी वाडीतलं पिकलं लाल कोहळं आणत अन् त्यावर कोळशानं देश काढत. दोन-चार दिवसांत उत्तर ध्रुव नरम पडे. शनवारी पृथ्वी माह्या घरी येये, माही बायको तिची भाजी करे. मी जगातले सगळे देश खाल्ले हायेत. आफ्रिका गोड लागते. हिंदुस्थानावर कोळसा जास्त राहे, कारण तिथं पोट्टे सारखं बोट ठेवत.

भाजी खाता खाता गुरुजी एकदा म्हणे, "नाना, एक खरा गोल पायजे. लेकरायनं पृथ्वी हातानं फिरवली पायजे. हे असं जग शिजवून किती दिवस चालवाव?"

अन् त्याच साली तालुक्याले शाळा-शाळायची भूगोलाची स्पर्धा ठरली. हर शाळेची तीन पोरं. आधी मातीचा उठाव नकाशा करायचा, मंग तोंडी सवाल. पहिल्या नंबराले बक्षीस, पृथ्वीचा गोल.

गुरुजीनं ही खबर वाचली तवा अर्ध्या दाढीत होते. तसेच उठले. अर्ध्या तोंडाले साबण लावून शाळेत पळत गेले.

तीन पोरं निवडली. वच्छी, जी एवढ्या हळू बोले का पहिल्या बाकावरच्याले वाटे ती नुसते ओठ हलवून राह्यली. शालिक, ज्याले नद्या तोंडपाठ. अन् तिसरा गज्या, माहा पोरगा. मी गुरुजीले म्हणलं, "जी, काही घोटाळा झाला. हा तर माहा हाय."

"त्याचे डोंगर पक्के हायेत नाना."

"मंग त्याच्या मायवर गेला," म्हणलं.

स्पर्धेच्या दिवशी झुंजूमुंजू व्हायच्या आधी मी बैलगाडी जुंपली. पोरायले न्हाऊ-धुऊ घातलं, केस कापले, गज्याचे तर मी एवढे कापले का त्याचे कान दोन गावं पुढं जाऊन राह्यले होते. जळगाव जामोदले तालुक्याची मोठी शाळा. मोठा दिवाणखाना, टेबलावर हिरवं कापड, अन् कापडावर तो गोल. निळाशार. खिडकीतून ऊन आलं का चमके. गुरुजी त्याच्याकडं असे पाहत होते, जसं मुलगी पाहायले गेलेला पोरगा चोरून पाहते.

मातीच्या नकाशात आमची पोरं सगळ्यायच्या पुढं. का नाही राहणार? बाकीच्यायनं पुस्तकात पाह्यलेला, आमच्यायनं त्यावर बसून भाकर खाल्लेली. तोंडी सवालात शहरातल्या पोट्ट्यायनं गाठलं. शेवटी आमी अन् ते बरोबरीत, एक सवाल राह्यला, अन् तो गज्यावर आला.

पालकायले आत सोडत नव्हते. मले राहवलं नाही. मी गाडीतली पाण्याची बादली उलटी ठेवली, वर चढलो, अन् खिडकीच्या गजात तोंड घातलं.

परीक्षक कोटवाले, बुलढाण्याहून आलेले. म्हणाले, "बाळ, सातपुडा पर्वत दाखव."

नकाशा टांगलेला होता दक्षिणेच्या भिंतीवर. गज्यानं त्याच्याकडं एकदा पाह्यलं. मंग त्याच्याकडं पाठ केली, अन् हात लांब करून उत्तरेच्या खिडकीकडं बोट दाखवलं. खिडकीत मी.

परीक्षकानं चष्मा वर केला. "हा सातपुडा?"

"नाही जी," गज्या म्हणे, "हा माहा बाप. सातपुडा याच्या मागं हाय."

दिवाणखाना असा हसला का छताची चिमणी उडाली. मले वाटलं आपल्याले ओळखलं सगळ्यायनं. मी खिडकीतून रामराम केला. त्यानं आणखी हसले.

परीक्षक माणूस चांगला होता. डोळे पुसत म्हणाला, "बरं, आता नकाशावर दाखव." पण गज्याचं आता भान गेलं होतं. त्याच्या हिशोबानं सातपुडा पाठीमागं, म्हणून त्यानं नकाशाचा आपल्याजवळचा, खालचा काठ धरला अन् कोल्हापूरच्याही खाली बोट ठेवलं. एका गुणानं गोल गेला. शहरातला एक पोट्टा तो कडेवर घेऊन निघाला, जसं लहान भावाले घेतात. गुरुजी वाटेतून बाजूले झाले, त्याले जायले जागा देली, अन् म्हणे, "हळू बरं का बाळा."

परत येतानी गाडीत कोणी बोले ना. वच्छी मुसमुसत होती, शालिक गज्याकडं पाहत नव्हता, गज्या गुडघ्यात तोंड घालून. मी बैलायशी बोलून पाह्यलं, तेही बोलले नाही. दिवस कलला होता, डोंगर जांभळा दिसून राह्यला होता. गुरुजी म्हणे, "नाना, गाडी थांबवा."

थांबवली.

"गजानन, सातपुडा कुठी हाय?"

गज्यानं तोंड वर न करता बोट दाखवलं. बरोबर डोंगराकडं.

"बरोबर," गुरुजी म्हणे. "पैकीच्या पैकी. चुकलं माहं. मी तुम्हाले आडवं जग शिकवलं, ते भिंतीवर उभं राहते हे सांगतलंच नाही. हाका नाना."

अन् मंग गाडी चालल्यावर गुरुजीले एकदम हसू आलं. थांबेचना. "हा माहा बाप," म्हणत अन् पुन्हा हसत. आधी शालिक हसला, मंग वच्छी, तिचं हसू मी पहिल्यांदा कानानं ऐकलं. गाव येईस्तोवर माहं नाव पडलेलं होतं.

पुढच्या साली स्पर्धेची वेळ आली तवा मीच गेलो. म्हणलं, "गुरुजी, माह्या पोराले काढा. त्याच्यापायी गोल गेला. पुन्हा जाईन."

"काढतो," गुरुजी म्हणे, "पण तुमची बाज द्या, अन् ते केस कापतानी गळ्याले बांधता ते पांढरं कापड द्या."

मले वाटलं सुटलो. बाज देली, कापड देलं. गुरुजीनं कापडावर कोळशानं महाराष्ट्र काढला, कापड बाजेवर ताणून बांधलं, अन् बाज आवारात आडवी ठेवली, उत्तरेले उत्तर करून. पोरायले भोवती उभं केलं. "सातपुडा?" गज्यानं बोट ठेवलं. मंग गुरुजीनं बाजेचा उत्तरेकडलं अंग वीतभर उचललं, खाली वीट लावली. "आता?" गज्यानं ठेवलं. दुसऱ्या दिवशी आणखी उचललं. रोज जग थोडं थोडं उभं राहून राह्यलं होतं. शेवटी बाज भिंतीले सरळ टेकली. मंग गुरुजीनं ती उचलून दक्षिणेच्या भिंतीले नेली. गज्या घाबरला, मागं वळून डोंगराकडं पाहायले लागला.

"पाह्य, पाह्य," गुरुजी म्हणे. "खऱ्याले पाहून घे. मंग डोळे मीट, बाज मनात आडवी कर, अन् मंग दाखव."

मी म्हणलं, "गुरुजी, तुमी तर याले काढणार होते."

"भीती काढतो म्हणलं होतं," ते म्हणे. असं काही ते म्हणले नव्हते, पण मास्तराशी वाद कोण घाले.

माही बाज दोन महिने शाळेत शिकत होती, मी भुईवर झोपत होतो. कापड परत आलं तर कोळसा धुतला जाये ना. मंग ज्याचे केस कापले त्याच्या गळ्यात महाराष्ट्र. सरपंच बसला का नागपूर नेमकं त्याच्या पोटावर येये अन् गुरुजी जाता जाता म्हणत, "नागपूर फुगून राह्यलं, नाना."

स्पर्धेच्या दिवशी गुरुजीनं मले शाळेपासून लांब चिंचेखाली बैलापाशी बसवलं. "नाना, आज खिडकीकडं फिरकू नोका."

"पाणी पाजायले तरी?"

"बैल नाही मरत."

म्हणून आमी कसे जिंकलो ते मी पाह्यलंच नाही. लोक सांगतात का गज्यानं आधी खिडकीतून बाहेर पाह्यलं, परीक्षकाले वाटलं पुन्हा बाप शोधून राह्यला. मंग त्यानं डोळे मिटले, मंग उघडले, अन् नकाशाच्या वरच्या अंगाले बरोबर बोट ठेवलं. मी फक्त टाळ्या ऐकल्या. बैल उधळला, त्याच्यामागं मी पळत सुटलो. परत आलो तवा गुरुजी गाडीत बसलेले, अन् मांडीवर गोल. टोपी काढून त्याच्याखाली ठेवली होती, धक्का बसू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोल पाहायले सगळं गाव शाळेत जमलं. हर माणसानं एकदा फिरवला. मंग वच्छीनं, त्या हळू बोलणाऱ्या पोरीनं, विचारलं, "गुरुजी, आपलं गाव कुठी हाय?"

गुरुजीनं हिंदुस्थान दाखवला. चिंचोक्याएवढा. गाव तर सोडा, महाराष्ट्रही त्यावर नव्हता, अन् सातपुड्याच्या नावानं केसाएवढी रेघ. सरपंच म्हणे, "दोन साल झटले, अन् आपलं नावच नाही त्याच्यावर?" लोकायचे तोंडं उतरले. वच्छीचं सगळ्यात जास्त.

गुरुजीनं वाकून गोलाच्या दांडीचा खिळा पाह्यला. मंग म्हणे, "नाना, तुमची नखं काढायची नराणी द्या."

नराणीनं त्यायनं गोलाचा खिळा काढला. लोक हां हां करत राह्यले, नवा कोरा गोल! गुरुजीनं तो दांडीवरून सोडवला. पाणवठ्यावरून येणाऱ्या एका बाईले म्हणे, "माय, चुंबळ द्या जराशी." घागरीखालची ती कापडाची चुंबळ आवारात उन्हात ठेवली, तिच्यावर गोल ठेवला, अन् हळूहळू असा फिरवला का हिंदुस्थान अगदी माथ्यावर आला, उत्तर ध्रुव सातपुड्याकडं.

"या वच्छीबाई," म्हणे, "आता पाहा. हे सगळ्यात वर जे हाय ना, तिथं आपण उभे हाओत. अन् ऊन पाहा कसं पडलं."

ऊन अर्ध्या गोलावर होतं, अर्धा सावलीत. "जिथं ऊन, तिथं आता दिवस. ही आफ्रिका, इथं आता कोंबडे आरवत असतीन. अन् ही खाली अमेरिका, अंधारात, लोक झोपलेले. खोटं नाही, आत्ता या घडीले असंच हाय."

सरपंचानं खाली वाकून अमेरिकेकडं पाह्यलं अन् हळू आवाजात म्हणे, "झोपू द्या, झोपू द्या."

मी म्हणलं, "गुरुजी, म्हणजे आपलं गाव जगाच्या माथ्यावर?"

"हाव," गुरुजी म्हणे. "अन् बीबी गावचा माणूस आला तर बीबी माथ्यावर ठेवायची. ज्याच्या आवारात गोल, त्याचं गाव वर."

बीबीचं नाव त्यायनं काऊन घेतलं ते मले पुढच्या उन्हाळ्यात समजलं. त्यायची बदली बीबीले झाली, लोणारकडं, जिल्ह्याच्या पार दक्षिणेले. तवर गावात एसटी येऊ लागली होती. निघायच्या सकाळी ते माह्यापुढं बसले. मी जीव लावून मिशी केली, दोन्हीकडून सारखी. म्हणजे मले तसं वाटलं. मंग ते शाळेत गेले. वच्छीनं गोल चुंबळीवर मांडून ठेवला होता. गुरुजीनं वाकून बोटानं जरासा सरकवला, डोंगराकडं पाह्यलं, पुन्हा गोलाकडं पाह्यलं. "बरोबर हाय," म्हणे. "रोज मांडत जा."

एसटी पारापाशी डोंगराकडं तोंड करून उभी होती. गुरुजी खिडकीत बसले. मी एक पिकलं कोहळं त्यायच्या मांडीवर देलं. म्हणलं, "बीबीच्या शाळेत गोल नसन तर कामी येईन. अन् शनवारी भाजी." त्यायनं कोहळं उलटंपालटं करून पाह्यलं, कोणता ध्रुव कुठी ते मनात ठरवत असावे.

कंडक्टरनं घंटी मारली. तेवढ्यात गुरुजीनं खिडकीच्या काचेत तोंड पाह्यलं, ओठावर बोट फिरवलं, अन् बाहेर मुंडकं काढून ओरडले, "नाना! पश्चिमेकडली जराशी जास्त राह्यली!"

"थांबा, घेतो!" म्हणत मी कैची काढून पळालो. या खेपेले मले पश्चिम पक्की माहीत होती. पण एसटीनं पाराले गर्रकन वळसा घातला, तोंड दक्षिणेले केलं, अन् पश्चिमेकडली मिशी पूर्वेकडं जाऊन बसली.